सप्तसूत्री आणि शेपू

आमच्या ऑफिसात कार्यसंस्कृती आली ती शेपूच्या भाजीतून.

झालं असं, की दिवाळीच्या पाच दिवसांच्या सुटीनंतर सोमवारी सकाळी मामांनी ऑफिस उघडलं. मामा म्हणजे आमचे शिपाई. सुटीवर जाताना मेन स्विच बंद करायचा, हा आमच्या पंपांच्या कंपनीतला वर्षानुवर्षं काटेकोर पाळला जाणारा एकमेव नियम. कारण तो पाळायचं काम एकट्या मामांकडे आहे. त्यामुळे ऑफिसचा फ्रीजही पाच दिवस बंद होता. मामांनी त्याचं दार उघडलं आणि लगेच लावलं. मग सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले. साडेनऊच्या सुमारास आम्ही जसजसे येत गेलो, तसतसे आम्हीही जिन्यात उभे राहत गेलो. अख्खी कंपनी इतक्या एकदिलानं एका जागी जमलेली मी गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती.

शेवटी मामाच नाकाला रुमाल बांधून आत गेले आणि एक गोल, स्टीलचा डबा घेऊन बाहेर आले. झाकण आपलं आपणच वर उचललं गेलं होतं. आत मूगडाळ घातलेली शेपूची भाजी होती. म्हणजे, एके काळी असावी. मुळात शेपू ताजा असतानाही फारसा मनमिळाऊ नसतो. इथं तर त्याच्यावर सशाच्या पाठीसारखी पांढरी, मऊ लव आली होती.

"कुणाचा डबा हा?" साहेबांनी विचारलं.

कुणीच बोलेना. मामांनी डबा उलटा करून पाहिला. बुडाला मशीननं ठिपक्याठिपक्यांचं नाव घातलेलं होतं. कुणा सौभाग्यवतींचं पूर्ण नाव, खाली 'मुंजीनिमित्त सप्रेम' आणि १९९१ साल. त्या नावाचं ऑफिसात कुणी नव्हतं, आडनावाचंही नव्हतं. त्याबरोबर सगळ्यांच्या नजरा स्टोअरच्या दादांकडे वळल्या. दादांविरुद्ध पुरावा एवढाच, की एकदा जेवताना त्यांनी "शेपू पोटाला चांगला असतो" असं उघडपणे म्हटलं होतं.

"माणसाला काही लाज?" मी म्हणालो. सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणालो, हे इथं नोंदवून ठेवलं पाहिजे. "चाळीस-पन्नास माणसं एक फ्रीज वापरतात. दुसऱ्याचा थोडा तरी विचार?"

दादा खाली मान घालून स्टोअरमध्ये निघून गेले. साहेब गंभीर झाले. "हा एका डब्याचा प्रश्न नाही," ते म्हणाले, "हा कल्चरचा प्रश्न आहे."

"ते दिसतंच आहे, साहेब," अकाउंट्सचे अण्णा डब्यात डोकावून म्हणाले. "चांगलं बोटभर वाढलंय."

एचआर मॅडम अशाच संधीची वाट पाहत होत्या. त्यांना आमच्याकडे येऊन सहा महिने झाले होते आणि तोवर त्यांच्या वाट्याला फक्त रजेचे अर्ज आले होते. दुपारी तीन वाजता ई-मेल आला. 'आपल्या टीममध्ये परस्परांकडून कोणती वर्तणूक अपेक्षित आहे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचं आहे.' त्यासाठी पानशेतच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर दिवसभराची कार्यशाळा. शनिवारी. म्हणजे सुटीच्या दिवशी. 'इतरांच्या वेळेचा आदर' हा कार्यशाळेतला पहिला विषय होता.

बस सकाळी सातला सुटणार होती. सातला बसपाशी मी, मामा आणि ड्रायव्हर असे तिघंच होतो. साडेसातला निम्मी मंडळी आली. आठला उरलेली निम्मी आली. मग सगळे मिळून साहेबांची वाट पाहू लागलो. साहेब सव्वाआठला आले आणि "अरे, अजून निघाला नाहीत?" म्हणाले. बस सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पोह्यांसाठी थांबली.

रिसॉर्टवर आमचे प्रशिक्षक उभे होते. वय तीस, पायात धावायचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी आल्याआल्या आम्हाला गोलात उभं केलं आणि शेजारच्या माणसाविषयी एक चांगली गोष्ट सांगायला लावली. माझ्या शेजारी अण्णा होते. अण्णा मूळचे गुहागरचे, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. चांगली गोष्ट सांगण्याची सवय त्यांना गावी असताना लागली नाही आणि पुण्यात येऊन लागणं शक्य नव्हतं. माझ्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "यांचं पार्किंग सरळ असतं."

मग प्रशिक्षकांनी सगळ्यांना चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. "या कंपनीत तुम्हाला सगळ्यात मोलाचं काय वाटतं? मनात येईल तो एकच शब्द लिहा आणि भिंतीवर लावा. नाव घालू नका. मनमोकळं लिहा." पाच मिनिटांत भिंत रंगीबेरंगी झाली. प्रशिक्षक मोठ्या उत्साहानं वाचू लागले. "पगार. पगार. वेळेवर पगार. शनिवार. पगार. दुसरा शनिवार. चहा. पगारवाढ…" त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. शेवटच्या एका हिरव्या चिठ्ठीवर 'उत्कृष्टता' असं लिहिलेलं सापडलं, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. ते अक्षर साहेबांचं होतं हे आम्हा सगळ्यांना कळलं, कारण हिरव्या शाईचं पेन कंपनीत फक्त साहेब वापरतात.

जेवणाआधीचं व्याख्यान मात्र ऐकण्यासारखं होतं. प्रशिक्षक म्हणाले, की गूगलनं २०१२ साली स्वतःच्याच टीमचा अभ्यास सुरू केला. प्रकल्पाला नाव दिलं 'ॲरिस्टॉटल'. काही टीम झकास चालतात आणि काही रडतखडत, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. निघालं असं, की टीममध्ये किती हुशार माणसं आहेत यापेक्षा ती एकमेकांशी वागतात कशी, याला महत्त्व जास्त. आणि त्यातही पहिला नंबर मानसिक सुरक्षिततेचा. म्हणजे, "माझी चूक झाली" किंवा "मला हे समजलं नाही" असं चारचौघांत म्हणायची भीती वाटता कामा नये.

अण्णांनी हात वर केला. "ही सुरक्षितता मेडिक्लेममध्ये धरलीय, की तिचा हप्ता वेगळा?"

प्रशिक्षक हसले आणि पुढे म्हणाले, की ही कल्पना मांडणाऱ्या हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या टीम तपासल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, जिथं कामकाज चांगलं तिथं औषधं देण्यातल्या चुका कमी असणार. आकडे आले उलटे. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! पुढे उलगडा झाला तो असा, की तिथं चुका जास्त होत नव्हत्या. तिथली माणसं त्या लपवत नव्हती.

"आमच्याकडे ती अडचण नाही," साहेब अभिमानानं म्हणाले. "गेल्या अख्ख्या वर्षात आमच्याकडे एकही चूक नोंदली गेलेली नाही."

प्रशिक्षकांनी तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं आणि जेवणाची सुटी जाहीर केली. मानसिक सुरक्षिततेचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी पुन्हा पाहिलं नाही.

जेवणानंतर 'आदर' या शब्दावर चर्चा झाली. मॅडमचं म्हणणं, की आदर म्हणजे बरोबरीची भावना, तेव्हा यापुढे कुणी कुणाला साहेब, मॅडम, अण्णा, दादा म्हणायचं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची. पहिली अडचण अशी आली, की अण्णांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पगारपत्रकावर आद्याक्षरं होती. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षांत कुणाला लागलं नाही, आता कशाला हवं?"

दुसरी अडचण साहेबांची. "मलाही नावानंच हाक मारा," असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. सोमवारी ऑफिसात कुणाची जीभ रेटेना. नावानं हाक मारवत नाही आणि साहेब म्हणायला बंदी. मग सगळ्यांनी संबोधनच गाळून टाकलं. केबिनच्या दारात उभं राहून "अहो, ऐकलंत का?", "जरा बघता का?", "ती पुण्याची ऑर्डर आलीय, म्हटलं कानावर घालावं" असं चालू झालं. चाळीस-पन्नास धडधाकट माणसं एका गृहस्थाशी जुन्या काळच्या बायकांनी नवऱ्याशी बोलावं तशी बोलू लागली. चौथ्या दिवशी साहेबांनीच परिपत्रक काढून 'साहेब' पुन्हा सुरू केलं.

कार्यशाळेत बाकी काही ठरलं नाही, म्हणून उरलेलं ठरवायला समिती नेमली गेली. पाच जणांची. जिन्यात मी जे तडफेनं बोललो होतो, त्यावर खूश होऊन साहेबांनी मला तिचा अध्यक्ष केलं. स्वभावानं मी नको म्हणणाऱ्यातला आहे. पण तीनदा म्हणावं म्हणून थांबलो, तर त्यांनी एकदाच विचारलं होतं, म्हणून लगेच हो म्हटलं.

समितीची पहिली बैठक 'वेळेवर येणे' यावर झाली. 'वेळेवर' म्हणजे काय? सेल्सच्या ताई म्हणाल्या, गेटातून आत शिरलं की आलो. मॅडम म्हणाल्या, बायोमेट्रिकवर अंगठा उठला की आलो. अण्णांचं म्हणणं, की खुर्चीवर बसून संगणक सुरू झाला की आलो. पण त्यांचा संगणक सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात, तेव्हा ती वीस मिनिटं कंपनीच्या खात्यावर पडायला हवीत. मी सुवर्णमध्य काढला: 'सर्वजण कामासाठी मनाने वेळेवर उपस्थित राहतील.' एवढ्या वाक्याला अडीच तास लागले. पुढच्या बैठकीत 'मनाने' हा शब्द काढायचा की ठेवायचा यावर दोन तास. तिसऱ्या बैठकीत दादांनी असा मुद्दा मांडला, की पहिल्या बैठकीचं इतिवृत्तच मंजूर झालेलं नाही, तेव्हा आपण पुन्हा सुरुवातीपासून बोललं पाहिजे. बोललो.

याच सुमारास बंगलोरला असणाऱ्या माझ्या भाच्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पुस्तिका पाठवली. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस नावाच्या हेरखात्यानं ती काढलेली. पुढे ज्या खात्यातून सीआयए आली, ते हे. शत्रूनं व्यापलेल्या देशांतल्या साध्यासुध्या माणसांनी कामाचा विचका कसा करावा, याचं ते मार्गदर्शन. बॉम्ब नको, बंदूक नको. यंत्रात वाळू टाका, वगैरे. पण त्यातली कचेऱ्यांविषयीची पानं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येक विषय समितीकडे सोपवा. समिती मोठी करा, पाचाच्या खाली येऊ देऊ नका. शब्दरचनेवरून वाद घाला. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. लांब भाषणं करा. मूळ विषयाशी संबंध नसलेले मुद्दे शक्य तितक्या वेळा आणा.

आधी मला वाटलं, आमच्या कंपनीत शत्रूचा माणूस घुसलाय. कोण असावा, याचा मी रात्रभर विचार केला. दादांचा संशय आला, अण्णांचा आला, मॅडम तर सहाच महिन्यांपूर्वी आलेल्या. पहाटे पाचच्या सुमारास लक्षात आलं, की समितीचा अध्यक्ष मी आहे.

अखेर फेब्रुवारीत आम्ही सात शब्दांवर आलो: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता, वेळ, पारदर्शकता, आपुलकी. साहेबांनी 'सप्तसूत्री' असं नाव दिलं. यादी वाचून अण्णांनी चष्मा काढला आणि पुसला. अण्णांनी चष्मा पुसला की समोरच्यानं सावध व्हावं.

"यातले पहिले चार शब्द एन्रॉनचे आहेत," ते म्हणाले.

"कोण एन्रॉन?" ताईंनी विचारलं. ताई वयानं लहान आहेत.

"आमच्या गुहागरला दाभोळचा वीज प्रकल्प आणणारी ती ह्यूस्टनची कंपनी. तिचीही मूल्यं हीच होती. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. २००० सालच्या जुलैमध्ये त्यांनी चांगली चौसष्ट पानी आचारसंहिता छापली होती. २००१ च्या डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. हिशेबच खोटे होते. आमचा प्रकल्प तर त्याच्याही आधी बंद पडला."

समितीत शांतता पसरली. मग साहेब म्हणाले, "पण आपले तीन शब्द जास्त आहेत."

त्या संध्याकाळी घरी गेलो, तर आमच्या चिरंजीवांचं शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेचं पाठांतर चालू होतं. विषय होता महाराजांनी चिपळूणजवळच्या लष्करी तळावरच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र. मी सोफ्यावर आडवा होऊन अर्धवट ऐकत होतो. पुढे पावसाळा आहे, तेव्हा घोड्यांचा दाणागोटा जपून वापरा. आत्ताच उधळलात, तर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या दाराशी जाल. तसं करू नका. भाजीच्या देठालाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका. उंदीर जळती वात पळवील, गवताच्या गंजीला आग लागेल, मग घोड्यांना चारा कुठला?

मी उठून बसलो. "काय, काय? उंदीर?"

"हो बाबा. वात घेऊन जातो."

"यात कुठे सचोटी, उत्कृष्टता, असं काही आहे का?"

"नाही," चिरंजीव म्हणाले. "देठ आहे. आणि उंदीर आहे."

मी रात्री बराच वेळ छताकडे पाहत पडलो होतो. तीन महिने पाच माणसं बसून आम्ही सात शब्द काढले होते आणि त्या सातांत फ्रीज कुठेच नव्हता. शेपू नव्हता. एन्रॉनचं गुहागर आणि पत्रातलं चिपळूण हे शेजारशेजारचे तालुके, याचीही मला उगाचच गंमत वाटली. सकाळी उठून समितीपुढे उंदराचा विषय काढायचा असं ठरवलं. काढलाही. 'उंदीर हा विषय हाऊसकीपिंगचा असल्याने सप्तसूत्रीच्या कक्षेत येत नाही' असं मॅडमनी इतिवृत्तात लिहिलं.

पाडव्याच्या मुहूर्तावर सप्तसूत्रीचा फलक लागला. सोनेरी अक्षरं, निळी पार्श्वभूमी, खाली हस्तांदोलन करणारे दोन परदेशी गृहस्थ. लावायचा कुठे, यावर पुन्हा चर्चा झाली. भिंतींवर कॅलेंडरं होती. शेवटी साहेबांच्या केबिनच्या काचेवर लावला. तेव्हापासून 'पारदर्शकता' या शब्दामागे साहेब दिसेनासे झाले. आत कोण बसलंय हे कळण्याची सोय होती, तीही गेली.

त्याच दिवशी पॅन्ट्रीत बेसिनच्या वर आणखी एक फलक लागला. त्याचं उद्घाटन वगैरे झालं नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मामांचं स्केचपेननं लिहिलेलं ठसठशीत अक्षर:

'कप ज्याचा त्याने धुने. शुक्रवारी फ्रीजमधून डबा घरी नेने. शेवटी जानार त्याने पंखा बंद करने.'

समितीत मी हा पुठ्ठा मांडला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन-चार चुकांकडे लक्ष वेधलं. एक मात्र मान्य करायला हवं. आठवडाभरात बेसिन रिकामं दिसू लागलं. मामा पुठ्ठ्याखाली स्टुलावर बसलेले असायचे, तेही कारण असू शकेल.

आता चैत्रातलं हळदीकुंकू. त्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो, तर स्वयंपाकघरात कैरीची डाळ, पन्हं असा सगळा घाट. सौ. ओट्यावरचे डबे एकेक उचलून ठेवत होत्या.

"अहो, माईमावशींना डाळ पाठवायचीय. तो त्यांनीच तुमच्या मुंजीत दिलेला गोल डबा कुठे दिसत नाही. शेवटचा तुम्हाला दिला होता बघा, दिवाळीच्या आदल्या दिवशी. शेपू दिला होता त्यात."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. "शेपू?"

"हो. संध्याकाळी विचारलं, भाजी कशी झाली होती, तर म्हणालात, मस्त झाली होती."

त्या दिवशी साहेबांनी दिवाळीनिमित्त सगळ्यांना मिसळ मागवली होती. मी डबा उघडलाच नव्हता. न उघडता फ्रीजमध्ये ठेवला होता. आणि लग्नाला पंधरा वर्षं झालेला माणूस न उघडलेल्या डब्यातल्या भाजीलाही मस्तच म्हणतो.

"माईमावशीचं खरं नाव काय गं?" मी विचारलं.

सौ.नी सांगितलं. डब्याच्या बुडाला होतं तेच. आयुष्यभर जिला माईमावशी म्हटलं, तिला एक आख्खं नाव असतं, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी नऊलाच ऑफिसात गेलो. मामा एकटेच होते, चहाचं आधण ठेवत होते.

"मामा, तो दिवाळीतला डबा…"

"हाये की. साखर ठिवलीया त्यात." त्यांनी फळीवरून डबा काढला. पाच महिने मी त्याच डब्यातल्या साखरेचा चहा पीत होतो. "तुमचाच न्हवं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमी ठिवला तवा मी फरशी पुसत हुतो."

"मग बोलला का नाही?"

"चारचौघांत कशाला? म्हनलं, आठवंल तवा नेतील." मामांनी आधणात साखर टाकली. "पुढं तुमाला कमिटीचं अध्यक्ष केलं. मग म्हनलं, आता तर नगंच."

सात शब्दांतला पहिला शब्द कोणता होता, ते आठवून मी चहा न पिता बाहेर आलो.

सोमवारच्या साप्ताहिक बैठकीत 'आयत्या वेळचे विषय' आले, तेव्हा मी उभा राहिलो. पाय थरथरत होते. "तो डबा माझा होता," मी म्हणालो. "शेपूचा. आणि दादा, तुमच्यावर उगाच आळ आला. चुकलं माझं."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग दादा सावकाश म्हणाले, "जाऊ द्या हो. पण आता निघालंच आहे म्हणून सांगतो. मार्चमध्ये त्या सीलांची ऑर्डर दोनदा गेली, ती गाडीवाल्यामुळे नाही. मीच दोनदा पाठवली."

"तरीच!" अण्णा म्हणाले. चष्मा पुसू लागले. आम्ही सावध झालो, पण ते म्हणाले, "माझाही त्या जीएसटीत एक आकडा उलटा पडलाय. पस्तीसचे त्रेपन्न. दुरुस्त करता येईल, पण कुणाला सांगावं हे कळत नव्हतं."

एसीचा रिमोट वर्षभरापूर्वी हरवला होता. तो ताईंच्या ड्रॉवरमध्ये निघाला. त्यांना थंडी वाजते. मॅडम म्हणाल्या, की कार्यशाळेचं बिल त्यांनी घाबरत घाबरत दोन महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी लावलं. शेवटी साहेबांनी घसा खाकरला. "माझा अंगठा," ते म्हणाले, "त्या मशीनवर उठतच नाही. मी रोज दाबून नुसता आत येतो. तीन महिने झाले. महाराष्ट्रभर पंप विकणाऱ्या माणसाला अंगठा नाही, हे सांगायचं कसं?"

पाऊण तासात सीलांची जादा ऑर्डर परत मागवायचं ठरलं, जीएसटीचा आकडा सुधारायचं ठरलं, रिमोटला दोरी बांधायचं ठरलं. तीन महिन्यांच्या समितीत जेवढं झालं नाही, तेवढं झालं. बैठक संपली तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर, साचलेलं पाणी गटारातून एकदाचं गेल्यावर सोसायटीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं तसं काहीतरी होतं.

दुपारी मॅडमचा ई-मेल आला. आजच्या अनुभवावरून 'कबुली' हे आठवं सूत्र करण्याचा प्रस्ताव होता. दर सोमवारी दहा वाजता प्रत्येकानं सोबतच्या नमुन्यात एक चूक लिहून द्यायची, चुकीचा प्रकार 'अ' की 'ब' ते नमूद करायचं, विभागप्रमुखाची सही घ्यायची. पुढच्या सोमवारी चव्वेचाळीस फॉर्म आले. सगळ्यांवर एकच मजकूर: 'या आठवड्यात चूक झाली नाही.' साहेबांची सही हिरव्या शाईत.

मी डबा घरी न्यायला पॅन्ट्रीत गेलो. मामांनी साखर दुसऱ्या बरणीत काढून तो घासून ठेवला होता. बेसिनवरच्या पुठ्ठ्यावर आता चौथी ओळ आली होती. स्केचपेन नवं होतं, अक्षर तेच:

'डब्यावर नाव ज्याचा डबा त्याचे घालने. मावशीचे नको.'